जाणाऱ्याला देतात

पुरस्काराच्या बाहुलीला चेहरा नसतो. धरायला कंबर तेवढी असते.

स्वादुपिंड शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत जठरामागे अर्धं लपलेलं असायचं. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येत नसे.

वाडीच्या धर्मकाट्यावर ट्रक एकदा रिकामा तोलतात, एकदा भरलेला.

‘काकू, तुमचे डोळे असे पिवळे काहून दिसून राहिले?’ शेजारच्या रितिकाने विचारलं तेव्हा उत्तरा कुंडीला पाणी घालत होती. कुंडी भरली, पाणी गॅलरीभर झालं, तरी ती घालतच राहिली.

कृष्णकांत सिनेमे पाहत नाही.

‘पुरस्कार तीन कारणांनी मिळतो. एक, माणूस कोणाचा तरी कोणीतरी असतो. दोन, त्याला इतक्यांदा डावललेलं असतं की आता डावलणाऱ्यांनाच लाज वाटायला लागते. आणि तीन, जाणाऱ्याला देतात. चौथं कारण मला अजून सापडलेलं नाही.’ (हशा. टाळ्या. कृष्णकांतचं भाषण, सिव्हिल लाइन्समधलं एक सभागृह, बऱ्याच वर्षांपूर्वी.)

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात सकाळी बसायला जागा नव्हती. वणीकडून आलेल्या एका कुटुंबाने डबे, चादरी आणि एक्सरेचं मोठं पाकीट ठेवून अर्धा बाक अडवला होता. त्यांनी पाकीट उचललं आणि उत्तराला कडेची जागा दिली. कृष्णकांत भिंतीला टेकून उभा राहिला. भिंत थंड होती आणि तिला ताज्या रंगाचा वास येत होता, आणि या वासाचा आपल्याला पुढे कायम राग येणार, असं त्याला उगाच वाटलं. समोरच्या बाकावर एक माणूस मोबाइलवर मोठ्याने काहीबाही लावत होता. आधी हवामान, मग कोणाच्या तरी लग्नातली मारामारी, मग एक आवाज. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडा थांबणारा, ऐकणारा आता मान डोलावील याची खात्री असलेला आवाज. काय घमेंडखोर माणूस आहे, असं कृष्णकांतच्या मनात आलं. तो आवाज त्याचाच होता. ‘आता सहायक अभिनेत्री,’ आवाज म्हणत होता. ‘इथे माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. धर्मकाट्यावरच्या बाईची भूमिका करणारी आपल्या नागपूरची उत्तरा. माझी बायको आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. पण घरचं माणूस म्हणून मी कोणाला कधी झुकतं माप दिलेलं नाही, हे तुम्ही जाणता. यंदा पुरस्कार तिलाच.’ माणसाने अंगठ्याने आवाज वर ढकलला आणि पुढे गाईचं दूध काढायचं यंत्र सुरू झालं. उत्तराने पदर सारखा केला. ती कृष्णकांतकडे बघेल म्हणून त्याने चेहऱ्यावर एक हसू तयार ठेवलं होतं; ते बराच वेळ तसंच राहिलं आणि मग गाल दुखायला लागले.

पियूषच्या चॅनेलवर तो भाग रविवारी यायचा होता. पियूष एकेकाळी वर्तमानपत्रात कृष्णकांतच्या हाताखाली होता; आता त्याचं स्वतःचं चॅनेल होतं आणि कृष्णकांत त्याच्यासमोर बसून दर मोसमात अंदाज सांगत असे, जसा तो आधी रविवारच्या पुरवणीत लिहीत असे. रविवारी उत्तराला शेजारी बसवून दाखवू, असं त्याने ठरवलं होतं. ती लाजेल, ‘काहीतरीच’ म्हणेल, मग दोनदा बघेल. पियूषने घाई केली होती. एवढंच चुकलं, असं तो भिंतीला टेकून स्वतःला सांगत होता. एवढंच.

परतताना ऑटोत ती बाहेर बघत बसली. प्रतापनगरच्या वळणावर ऑटोवाल्याने ब्रेक लावला, तिचा हात पुढच्या दांड्यावर गेला, आणि दांडा धरूनच तिने विचारलं, ‘मला कोणत्या नियमात बसवलं?’

‘कसला नियम?’

‘तुमचे तीन. मी कोणाची कोणी नाही. माझे वडील सिनेमावाले नव्हते, दस्तनोंदणीच्या कचेरीत होते. तो पहिला गेला.’

‘उत्तरा, इथे नको.’

‘दुसराही नाही. डावलायला आधी कोणी बोलवावं लागते. हा माझा पहिला सिनेमा.’ ती शांतपणे बोलत होती, भाजीवाल्याशी हिशेब करावा तशी. ‘मग उरलं काय?’

‘अगं, चांगलं काम केलं म्हणूनही देतात.’

‘हा चौथा झाला. हा तुम्हाला सापडला नाही ना अजून.’ ऑटोवाल्याने आरशातून मागे पाहिलं. उत्तराने त्याला सांगितलं, ‘तुम्ही समोर पाहा गा,’ आणि मग कृष्णकांतला, त्याच आवाजात, ‘किती दिवस म्हणाले?’

‘डॉक्टरांनी तसं काही…’

‘डॉक्टरांचं नाही विचारून राहिली. तुमचं विचारून राहिली. तुमचे अंदाज सहसा चुकत नाहीत.’

तेवढी वर्षं ती ऐकत होती, हे त्याला तेव्हा कळलं. रविवारच्या पुरवणीचा मजकूर तो शनिवारी सकाळी मोठ्याने वाचून बघत असे, मुद्रिताच्या कागदावर पेन्सिल धरून, समोरच्या भिंतीला उद्देशून. आत कुकरची शिटी व्हायची, भांडी वाजायची, उत्तरा जिल्हा परिषदेत जायची घाई करायची. मधूनच ती येऊन चहाचा कप ठेवून जायची आणि तो हाताने ‘थांब’ असं करायचा, म्हणजे बोलू नको. तीन नियम असे वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात जात राहिले होते आणि तिथे मुरत राहिले होते. जगात हे नियम एकाच माणसाला तोंडपाठ होते, आणि त्याच माणसापासून ते लपवायला हवे होते. त्याने सगळ्यांचा विचार केला होता. प्रेक्षकांचा, पियूषचा, मुंबईच्या लोकांचा. स्वयंपाकघराचा केला नव्हता.

उत्तराला काय झालं आहे हे तिला सांगायचं नाही, असं अदितीने ठरवलं होतं. आधीच्या खेपेला डॉक्टरांनी बापलेकीला आत बोलावलं तेव्हा उत्तरा बाहेर नाव पुकारायची वाट बघत होती. डॉक्टरांनी कागदावर एक आकृती काढली, शाळेतल्यासारखीच, आणि पेनाचं टोक एका जागी दोनदा टेकवलं. नळी टाकली की कावीळ उतरेल, म्हणाले, पण मूळ दुखणं राहील. वर्ष म्हणता येणार नाही. अदितीने डोळे पुसले, पर्स बंद केली आणि म्हणाली, ‘बाबा, आईला स्वादुपिंडाला सूज आहे म्हणून सांगायचं. सूजच आहे. खोटं काय आहे त्यात?’ त्यांच्यात असंच करतात. आजोबांच्या वेळी केलं, मोठ्या काकूंच्या वेळी केलं. ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं त्याच्याभोवती सगळे मिळून एक पडदा धरतात आणि पडद्यामागून त्याला मुगाची खिचडी देतात. कृष्णकांत हो म्हणाला. दाराबाहेर येताना त्याच्या मनात दोन विचार एकाच वेळी आले, आणि त्यांतला कोणता आधी आला हे त्याने नंतर पुष्कळदा तपासलं. एक, उत्तरा जाणार. दोन, म्हणजे पुरस्कार तिला.

नामांकन आधीच जाहीर झालेलं होतं. पाचांत तिचं नाव होतं, आणि तोवर त्याने तिला मनातल्या मनात चौथ्या क्रमांकावर ठेवलं होतं. वर एका मोठ्या घराण्यातली सून होती, एक कितीतरी वर्षं डावललेली होती, एक मुंबईच्या मंडळींत ऊठबस असलेली. आता हिशेब बदलला. पण नियमाला एक अट होती: देणाऱ्यांना माहीत असावं लागतं. म्हणून गुरुवारी, औषधं आणायला म्हणून बाहेर पडल्यावर, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्याने पुण्याला प्रेमिलाबाईंना फोन केला. प्रेमिलाबाई पूर्वी त्याच्या पुरवणीत नाटकांवर लिहीत. यंदा परीक्षक होत्या. आडवळणाने बोलायचं त्याने ठरवलं होतं, पण सरळच बोलला. आजाराचं नाव सांगितलं. वर्ष म्हणता येणार नाही, हेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, ‘अरेरे. फार वाईट झालं हो.’ आणि मग, ‘यावर मी काही बोलू शकत नाही, कृष्णकांत. तुम्हाला माहीत आहे.’ त्या थांबण्याचा अर्थ लावायला त्याला शिकवण्याची गरज नव्हती. आयुष्यभर तो लोकांच्या थांबण्यावरच जगला होता. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘काम पाहिलंत ना तुम्ही तिचं?’ तो म्हणाला, ‘हो, म्हणजे काय.’

पाहिलं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत तो पाहत असे. एका मोसमात एक सिनेमा त्याला इतका आवडला की सीताबर्डीहून घरी चालत आला, वाटेत कोणाशी बोलला नाही, आणि अंदाजात सगळे पुरस्कार त्या सिनेमाला देऊन मोकळा झाला. त्याला एकही मिळाला नाही. आठवडाभर वाचकांची कार्डं येत होती. कोणी कुंडली मागवली होती, कोणी पिंजऱ्यातल्या पोपटाचा पत्ता दिला होता. तेव्हापासून स्पर्धेतला सिनेमा पाहायचा नाही असं त्याने ठरवलं. जीव जडला की नजर जाते. पाहायची ती माणसं: कोण परीक्षक, कोणाचं कोणाशी बिनसलं, कोण खोकतंय. सगळे अंदाज बरोबर यायला लागले. राज्य नाट्य स्पर्धेत उत्तरा दरवर्षी उभी राहायची तेव्हाही तो शेवटच्या अंकाला दारात यायचा आणि तिला स्कूटरवर घरी आणायचा. घरच्या माणसाबद्दल काय लिहिणार, म्हणायचा. वेदिकाने तिचा सिनेमा नागपुरात पहिल्यांदा दाखवला तेव्हा तो बाहेर चहाचा कप घेऊन उभा होता, फोन आल्यासारखा. दिग्दर्शक पोरगी इथलीच, तिला सिनेमापेक्षा कृष्णकांतकाकांचीच भीती जास्त. दारं उघडली, लोक डोळे पुसत बाहेर आले, आणि त्यांच्या मधून उत्तरा, कोणाची तरी शाल खांद्यावर, त्याला शोधत. ‘लोक खूश दिसून राहिले,’ तो तिला म्हणाला. ती जराशी हसली आणि म्हणाली, ‘हो का.’

ऑटोतून उतरून घरी आल्यावर तिने चपला काढल्या, हात धुतले, आणि दारातच उभी राहिली. आत जाईना, बसेना. ‘आणखी एक विचारायचं आहे,’ ती म्हणाली. ‘मला सांगितलं नाही, समजते. अदितीचं काम आहे ते. पण त्या परीक्षकांना कोणी सांगितलं?’

कृष्णकांतने किल्ली खिळ्यावर अडकवली. ती पडली. पुन्हा अडकवली.

‘तुम्हीच सांगितलं असेल,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्या कोणाला सुचणार?’

‘तुला मिळावं म्हणून, उत्तरा. तुझ्या हयातीत…’ तो शब्द तोंडातून गेला आणि खोलीत राहिला.

‘मी काम चांगलं केलं होतं का?’

याला एकच शब्द पुरला असता. खोटा असता तरी पुरला असता. त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडातून पियूषच्या चॅनेलवरचा आवाज आला, वाक्याच्या शेवटी किंचित थांबणारा: ‘तुझी शक्यता पाचांत सगळ्यात जास्त आहे.’

उत्तरा हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून, पोटावर दुसरा हात दाबून, कारण हसताना दुखत होतं.

पुढचे दिवस तिने त्या विषयाचं नाव काढलं नाही. अदिती आली की ती सूज उतरते आहे म्हणायची. आता पडदा तिने दुसऱ्या बाजूने धरला होता, आणि मधे अदिती होती. कृष्णकांतशी ती बोलायची, औषधाची वेळ, दुधाची पिशवी, पण त्याच्याकडे न बघता. हे त्याला ओळखीचं वाटत होतं आणि कुठलं ते आठवत नव्हतं. ते कवडूमुळे आठवलं. कवडू झाडीपट्टीतला नट, वडश्याकडचा. जन्म नाटकाच्या मांडवात गेलेला, आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. सिनेमात तो ट्रक ड्रायव्हर होता. एका दुपारी तो उसाची मोळी खांद्यावर घेऊन आला.

‘का वं ताई, अशी पिवळीधम्मक काहून पडली?’ त्याने दारातूनच विचारलं. ‘कावीळ हाय म्हनते ना. ऊस चाव. रस नाही प्याचा, चावाचा. माह्या बुढीची कावीळ उसानंच उतरली.’

‘दे,’ उत्तरा म्हणाली आणि खरंच कांडं दाताने सोलायला लागली. कृष्णकांतने तिला कित्येक दिवसांत असं काही आवडीने धरलेलं पाहिलं नव्हतं.

‘भाऊ, तुमी तं सांगतलंच हाय म्हना. हिलेच भेटते,’ कवडू त्याच्याकडे वळला. ‘पन मी तुमाले सांगतो, हे भेटाले पायजेच. तो सीन पायला ना तुमी? मी येतो, तिचा पोरगा गाडीखाली गेला, हे सांगाले. आन हे बाई मान वरच नाही करत. माहा डायलॉग तिच्या पायन्यावर होता. आता पायते, मंग पायते. पायतच नाही. मले घाम फुटला. इतके वर्स झाले स्टेजवर, डायलॉग नाही इसरलो कधी. मंग हे इचारते, तशीच खाली पाहून, गाडी खाली हाय का भरली? झालं. मी रडलो, भाऊ. लिहेल नव्हतं थे. वेदिकानं तसंच ठेवलं.’ तो कृष्णकांतकडे वाकला. ‘पायला ना?’

‘कवडू, ऊस गोड आहे,’ उत्तरा म्हणाली. तिने नवऱ्याला वाचवलं, आणि ते करताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा त्याला आठवलं. सिनेमाच्या आधी ती महिनाभर वाडीला जाऊन येत असे, अमरावती रोडवर एका धर्मकाट्यापाशी बसायला. केसांत धूळ घेऊन परत यायची. आणि घरी वर न पाहता बोलायची. वाढताना, कपडे वाळत घालताना, त्याने काही विचारलं तर खाली बघूनच उत्तर द्यायची. कशाचा तरी राग आला असेल, म्हणून त्यानेही अबोला धरला होता. महिनाभर ती त्याच्यासमोर ते काम करून दाखवत होती. त्याच्या ताटासमोर. तिकीट लागत नव्हतं, परीक्षक नव्हते, दारं बंद नव्हती. तो ताटात बघून जेवत होता.

सोहळ्याला अदिती आणि वेदिका मुंबईला गेल्या. उत्तराला प्रवास झेपला नसता. टीव्हीवर थेट दाखवत होते. संध्याकाळी तिने उशा पाठीला लावून घेतल्या आणि रितिकाने आणलेला शिरा दोन चमचे खाल्ला. सहायक अभिनेत्रीच्या आधी जाहिराती लागल्या. कृष्णकांत रिमोट धरून पुढे सरकून बसला होता, आणि हे कशासाठी, हे त्याला तपासायचं नव्हतं. पाकीट फोडलं गेलं. नाव वाचलं गेलं. हिरव्या साडीतली अदिती पायऱ्या चढली, पायरीवर अडखळली, सावरली. आणि मग त्या मोठ्या दालनातले लोक उठले, आधी पुढची रांग, मग मागच्या, आणि टाळ्या वाजवत उभेच राहिले. घराण्याची सूनसुद्धा उभी राहिली.

‘सगळे उठून उभे राहिले,’ तो म्हणाला.

‘राहतीलच,’ उत्तरा म्हणाली. ‘आपणही उभे राहतो ना, रस्त्यातून तिरडी चालली की.’

फोन वाजला. पियूष होता. ‘सर, पुन्हा बरोबर,’ तो ओरडत होता. ‘पुन्हा बरोबर.’ आणि थोपवायच्या आधीच कृष्णकांतच्या छातीत ते जुनं सुख उमटून गेलं, दरवर्षीचं, उबदार, नेमकं. उत्तराने ते पाहिलं. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. त्याने फोन पालथा ठेवला.

‘उद्या आपण सिनेमा पाहू,’ तो म्हणाला. ‘वेदिका पाठवेल. दोघं मिळून पाहू.’

‘नको.’

‘मला पाहायचा आहे, उत्तरा.’

‘मग मी गेल्यावर पाहा,’ ती म्हणाली. ‘तेव्हा काही ओळखायचं नसेल तुम्हाला.’ तिने पाठीमागची एक उशी काढून बाजूला ठेवली. ‘अदितीला सांगा, ती बाहुली तिच्याकडेच ठेव म्हणावं. दया आली म्हणून दिलेलं मला समोर नको. आणि हे बंद करा आता. डोळे दुखतात.’

त्याने टीव्ही बंद केला. काचेत खोली दिसली, पलंग, पलंगावर भिंतीकडे तोंड करून वळलेली बायको आणि हातात रिमोट धरून उभा असलेला एक माणूस.

परीक्षकांची शेवटची बैठक कृष्णकांतने फोन केला त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी झाली होती. उत्तराचं नाव पहिल्याच फेरीत एकमताने ठरलं होतं, आणि ती आजारी आहे हे तेव्हा तिथे कोणालाही माहीत नव्हतं.